रत्नाकररावांचे एकोणीस खुनी

देवासच्या राधागंजात राहणाऱ्या रत्नाकरराव मुजुमदारांनी आजवर एकोणीस खून केले. सहा विषाने, चार उशीने, एक विहिरीत ढकलून, आणि एक तर भर दाल-बाफल्याच्या पंगतीत, तुपाची वाटी पुढे करत. बाकीचे किरकोळ. अर्थात सगळे कागदावर: चौदा रहस्यकादंबऱ्या आणि पाच नाटकं.

आता वय एकोणऐंशी. गुडघे सोडले तर तक्रार एकच. या एकोणिसांतल्या एकाही खुन्याला अक्काला चकवता आलं नव्हतं.

अक्का म्हणजे थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी, कन्याशाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई. लग्न दोघांचंही राहून गेलं, त्यामुळे घर एकच. प्रत्येक हस्तलिखित आधी अक्काला वाचून दाखवायचं, तेही सगळ्यांचे आवाज काढून, हा नेम. अक्का मटार सोलत ऐकायची आणि तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास मान वर न करता म्हणायची, "डॉक्टर."

"अगं, अजून खून व्हायचाय!"

"होऊ दे की. डॉक्टरच करणार."

"पण कशावरून?"

"कळतं."

जन्मभर पोरींना रीत दाखवल्याशिवाय मार्क न देणारी ही बाई स्वतः मात्र नुसतं उत्तर सांगायची.

रत्नाकररावांचा जन्म धारचा. वडील संस्थानच्या खजिन्याकडे कारकून. संस्थान गेलं, पण घरातलं 'अहो, जाहलें, येणें करावें' काही गेलं नाही. बाविसाव्या वर्षी कुक्षीच्या कोर्टात नोकरी लागली. काम रीडरचं: न्यायाधीशांच्या पुढ्यात बसायचं, तारखा द्यायच्या, कागद सरकवायचे. आणि फुकटात ऐकायला मिळायच्या साक्षी! खरा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की आपल्या निमाडीत पार गोंधळायचा. "मखऽ काई मालूम नी साब... हव, देख्यो थो... नी, पूरो नी देख्यो." खोटा मात्र कसा, घोटून आलेला. "श्रीमान, मैं उस समय अपने खेत पर उपस्थित था." कुक्षीच्या बाजारात 'उपस्थित' कोण म्हणतं? ते संध्याकाळी घरी येऊन दोन्ही आवाज हुबेहूब करून दाखवायचे आणि अक्का पोट धरून हसायची.

तिथेच पहिली कादंबरी झाली, रद्द झालेल्या कोर्टाच्या कागदांच्या पाठीवर. इंदूरच्या एका छोट्या प्रकाशकाने छापली. मग दर दीड-दोन वर्षांनी एक. कुक्षी, धार, देवास, बदली होईल तिथे खून. वाचनालयात त्यांच्या पुस्तकाला नंबर लागायचे. एकदा पुण्याहून एका निर्मात्याचं बोलावणं आलं, सिनेमाची कथा लिहायला. हे रात्रभर बसने गेले, सहा दिवस राहिले, अख्खी पटकथा लिहिली. निर्माता म्हणाला, "झकास! फक्त खून झाल्या झाल्या एक लावणी टाका." रत्नाकररावांनी विचारलं, "प्रेतासमोर?" तो म्हणाला, "मागे ठेवू ना प्रेत." हे त्याच संध्याकाळच्या बसने परत. पुढे तीस वर्षं हा संवाद ते पाहुण्यांना करून दाखवायचे, निर्मात्याच्या तोंडातल्या पानासकट.

मग प्रकाशकाने दुकान बंद केलं. नंबर लावणारे एकेक करून गेले. त्यांची नातवंडं हिंदी शाळांत वाढली. मराठी बोलायची झोकात, पण वाचायला दिलं की चेहरा रडका. गावातल्या मराठी समाजाच्या स्नेहसंमेलनात नाटकाच्या जागी तंबोला आला. रत्नाकररावही "नंबर फाइव्ह, पाँच!" ऐकत खुर्चीत बसून राहू लागले.

आणि गेल्या पावसाळ्यात अंशुल दारात. कारखान्यात इंजिनिअर, समाजाचा नवा सांस्कृतिक सचिव. "काका, यावेळी तंबोला कॅन्सल. एक मिस्ट्री करू ना. तुमची. एकदम नवीनवाली."

चार महिन्यांत रत्नाकररावांनी नाटक लिहिलं. आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा अक्काला वाचून दाखवलं नाही.

"काय रे रत्ना, रुसलास का माझ्यावर?"

"तालमीला ये. तिथे ऐक."

अक्काचं वय त्र्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू. हे बहुधा शेवटचं नाटक. एकदा, फक्त एकदा तिला चकवायचं होतं. खुनी त्यांनी फार जपून निवडला होता: मेलेल्या जमीनदाराची सोज्वळ भावजय, सुमित्राबाई.

पण ते काम करणारी इरावती! मराठी वाचताना ती गचके खायची. त्यांनी लिहिलेलं वाक्य असं: "मी त्या वेळी देवघरात होते. समईत तेल घालत होते. मला कसलाही आवाज आला नाही." इरावती म्हणायची, "मी तर ना देवघरातच होते, भिया! दिव्यात तेल टाकून राहिले होते. आवाज-बिवाज काय मालूम, नाहीच आला."

"इरावती! हे भैयाचं 'भिया' इथे कुठे लिहिलंय?"

"काका, पाठ होतं, पन तोंडात अटकतं ना. भोत शुद्ध आहे ते."

बाकीचे तेच करत होते. सरळ बोलायचा एकटा विहंग. त्याचे आईवडील कारखान्याच्या नोकरीसाठी सांगलीहून आलेले. त्याला दिलं होतं माळ्याचं काम, आणि तो माळी बागेला पाणीही सुवाच्य अक्षरात घालतोय असं वाटायचं.

अक्का तालमीला आली ती पहिल्याच रांगेत बसली. पहिल्या अंकात तिला खुनी सापडला नाही. दुसऱ्या अंकात इरावती पुन्हा "भिया" म्हणाली, तिला थांबवायला रत्नाकररावांनी हात वर केला, आणि तेवढ्यात त्यांचं अक्काकडे लक्ष गेलं. ती पुढे झुकली होती. कपाळावर आठ्या. ओठ हलत होते, गणित सुटत नसल्यासारखे. त्यांनी हात हळूच खाली घेतला.

अंक संपला.

"माळी," अक्का म्हणाली.

"नक्की?"

"माळीच. मेला किती साळसूद!"

रत्नाकरराव उठून व्हरांड्यात गेले, खांबाला धरून उभे राहिले, परत आले. "अक्का, चुकलीस."

"भलतंच! मग तो इतकं नीट का बोलतो?"

"विहंग? तो सांगलीकडचा आहे. तो नळवाल्याशीसुद्धा असाच बोलतो."

अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अरे देवा. रत्ना, तुझा खुनी नेहमी शुद्ध बोलतो रे! बाकी सगळे आपल्यासारखे, धेडगुजरी. तो एकटा कसा पुस्तकातून उतरलेला. एकोणिसांच्या एकोणीस वेळा."

ते खाली बसले. डोळ्यांपुढे कुक्षीचा पिंजरा आला, त्यातला तो 'उपस्थित'. दुसऱ्यांचे आवाज इतकी वर्षं तोलत आले, आणि स्वतःच्या कानात काय रुतून बसलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"पन्नास वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ते बदललं असतंस. मग मी काय ओळखलं असतं?" मग पदर सावरत, "बरं, कोण आहे?"

"संमेलनात कळेल."

"रत्ना!"

"तिसऱ्या अंकात."

पुढचे अकरा दिवस अक्काने त्यांना सोडलं नाही. जेवताना विचारलं, आंघोळीच्या दाराबाहेरून विचारलं. तुझ्या मोठ्या बहिणीला बीपी आहे, असंही सांगून पाहिलं. विहंगला घरी बोलावून हरभऱ्याचे भाजलेले होले खायला घातले, त्याने शांतपणे खाल्ले आणि म्हणाला, "आजी, ते सांगणं उचित होणार नाही." अंशुलने विचारलं, "काका, इरावतीची लाइन दुरुस्त करून घेऊ?" तेव्हा रत्नाकररावांनी आपली वही काढली, समई खोडून दिवा केला, आणि 'भिया' स्वतःच्या हाताने लिहिला.

संमेलनाच्या संध्याकाळी हॉल भरला. तिसरा अंक सुरू झाला तसा रत्नाकररावांनी रंगमंचाकडे बघणं सोडून दिलं. ते अक्काकडे बघत होते. सुमित्राबाई पुढे आली, पदर खोचला आणि म्हणाली, "हो ना भिया, मीच टाकलं त्याच्या दुधात. काय करते मग?"

अक्काने त्यांचं मनगट घट्ट पकडलं. त्र्याऐंशी वर्षांचं तोंड उघडं ते उघडंच.

"ही?" ती पुटपुटली. "अरे, पण ही तर आपल्यासारखी बोलत होती!"