दाढेतला लाल उजेड

मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यामुळे मला सगळंच कळतं असा माझा समज आहे. दाढेला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं!

आठ दिवस लवंग चावून काढले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, पोरांची परीक्षा तोंडावर आली अन् तुम्ही गाल धरून शिकवायलात. वैशालीकडं चला."

वैशाली म्हणजे तिची मावसबहीण, दातांची डॉक्टर. क्लासच्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर तिचा दवाखाना. निलंग्याहून दोन दिवसांसाठी आलेले माझे वडील, अण्णा, तेही सोबत निघाले. (मला धीर द्यायला. म्हणजे मला किती धीर होता ते बघा!)

वैशालीनं दाढ कोरली, आतल्या नळ्या साफ केल्या अन् म्हणाली, "दाजी, एवढं करूनही कानाकोपऱ्यात जंतू राहतात. म्हणून आता निळं औषध भरते. ते जंतूंना चिकटलं की बारीक पारदर्शक तारेतून लाल उजेड सोडायचा. जंतू खलास!"

"उजेडानं किडा मरतो?" अण्णा दारातून म्हणाले. "आमच्या वावरात दिसभर ऊन हाय. तिथली अळी का मरंना मग?"

आता हा तर माझा विषय! तोंडावर रबराची चादर ताणलेली असतानाही मी समजवायला लागलो, "अं-आ, ऑ-ई..."

"दाजी, गप्प!" वैशालीनं माझ्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवला, औषध भरलं अन् बजावलं, "एक मिनिट मुरू द्यायचं. अजिबात हलायचं नाही."

एक मिनिट! एवढ्या वेळात माणूस काय काय विचार करतो! प्रकाश सरळ रेषेत जातो, हे मीच पंधरा वर्षं घसा फोडून सांगतोय. अन् दाढेची मुळं तर वाकडी! मग हा उजेड वळणार कसा? नाहीच वळला तर जाणार कुठं? वर? वर तर मेंदू! (असला तर.)

तेवढ्यात खुर्ची थरथरली. ट्रेमधली अवजारं किणकिणली. पेल्यातलं पाणी डुचमळलं.

लातूरकडं मोठा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. आमच्या पिढीला थरथर जाणवली की आम्ही कारण विचारत नाही, आधी पळतो. मी पळालो!

"ऊ-अं-प! ऊ-अं-प!"

वैशालीला काही कळलं नाही. अण्णांना मात्र पुरतं कळलं. "भूकंप! बाहेर व्हा, बाहेर!" बाकावरचे पेशंट उठले, एक बाई दुसरीच्या चपला घालून पळाली, बायको पर्स टाकून पळाली, समोरच्या अभ्यासिकेतली पोरं पुस्तकांसकट खाली आली. रस्ता तुडुंब! कुणीतरी जवळच्या मुरुड गावी फोन लावला, "तिकडं हललं का?" तिकडून उत्तर आलं, "आता तू म्हनतोस तर... जरा हलल्यावानी वाटलं खरं!"

गर्दीत अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "लागलं न्हाई न्हवं कुठं, लेकरा?" दुसऱ्या हातानं ते माझं डोकं, खांदे चाचपत होते. तेवढा एक क्षण मला हसूही आलं नाही अन् लाजही वाटली नाही.

लाज पुढच्याच क्षणी आली. वैशाली धापा टाकत खाली आली.

"दाजी, कसला भूकंप? तुमचा पाय! शिलाई मशीन चालवल्यासारखा हालत होता. त्यानंच खुर्ची हालली!"

सगळा रस्ता माझ्याकडं बघत होता. डोळ्यांवर हिरवा चष्मा, कानाला लोंबणारी रबराची चादर अन् मिशीवरून हनुवटीपर्यंत निळा ओघळ. पुढच्याच रांगेत माझी अख्खी बॅच!

वर नेऊन सगळं पहिल्यापासून झालं. या वेळी अण्णांनी माझे दोन्ही गुडघे दाबून धरले. तार वाकली, उजेड तिच्याबरोबर मुकाट वळला, मिनिटभर लाल झळकला अन् विझला. दुखलं? छे! साधं गरमसुद्धा लागलं नाही.

"झालं?" चादर निघताच मी विचारलं.

"झालं," वैशाली म्हणाली. "तुमच्यापेक्षा जंतू शांतपणे गेले."

दाढ बरी झाली. निळी मिशी मात्र घासूनही जाईना. दुसऱ्या दिवशी तशीच घेऊन क्लासवर गेलो, जणू काही झालंच नाही अशा थाटात फळ्यावर लिहिलं, 'प्रकाश', अन् विचारलं, "सांगा, विश्वात सगळ्यात वेगानं काय जातं?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, तुम्ही!"