मिरच्यांमधली रेघ

नंदुरबारबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पडल्या, की वाऱ्याबरोबर ठसका घरात येतो. परवा तो आला तसा नातू हसून म्हणाला, "सोमाआजोबांनी घागर सांडली होती ना?" सोमा, माझा धाकटा भाऊ, आता नाही, पण घरात ही गोष्ट अशीच सांगतात. ती खोटी आहे.

घागर माझ्या धक्क्याने पडली होती. वाळत आलेली मिरची भिजली, म्हणजे आता काळी पडणार. आमचे वडील, आबा, येण्याआधी मी पथारीच्या धुळीत एक पाय घासत चाललो. सोमाचा पाय पोलिओने अधू होता, तो चालला की मागे रेघ उमटायची. माग काढण्यात आबा पटाईत. ती रेघ त्यांना दिसणारच होती.

पण आधी सोमाच आला. रेघेकडे बघून खुदकन हसला.

"भाऊ, मन्हा डावा पाय घसटास. तू उजवा घसटा."

त्याने माझी रेघ हाताने पुसली आणि तिथूनच आपला डावा पाय ओढत चालून आला.

"आते बरोबर. तुले मारतीन. मले आबा मारतस नही."

आबांनी त्याला तोवर कधीच मारलं नव्हतं. त्या दिवशी मारलं, मिरची लागलेल्या हातानेच. संध्याकाळी मी त्याच्या झोंबणाऱ्या गालाला तूप लावत होतो, आणि तो हळूच विचारत होता, "भाऊ, आबाले काही समजनं नही ना?"