डाव्या पायाचा जोर

प्लास्टर निघालं तेव्हा डावी पोटरी उजवीच्या निम्मी दिसत होती. मी ती पाहिली आणि मला काहीच वाटलं नाही. शेताच्या बांधावरून घसरून घोट्याजवळचं हाड मोडलं, त्याला दोन महिने होत आले होते, आणि तेव्हापासून माझं असंच चाललं होतं. जेव म्हटलं की जेवायचं, झोप म्हटलं की झोपायचं. मी एसटीचा ड्रायव्हर. डाव्या पायाने क्लच दबला नाही तर स्टेअरिंगवर कोणी बसू देत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी तो विषय काढत नव्हतं.

पायावर भार द्यायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर बायको मला सुलतानपूरहून मेहकरला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या, पंजा वर-खाली करायला लावला. मग आपला तळहात माझ्या तळपायाला लावून म्हणाल्या, "काका, जोरात ढकला."

आली का पंचाईत! आमच्याकडे चुकून कुणाला पाय लागला तरी लगेच नमस्कार करतात. आणि इथे मी लेकीसारख्या पोरीच्या हातावर पाय रेटू? मी जरासा दाबल्यासारखं केलं, पाय मागे घेतला आणि हात जोडले. उजव्या पायाचंही तेच. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"जोर नाही असं लिहू नका, मॅडम," बायको म्हणाली. "ते लाजून राह्यले. तुमाले पाय कसा लावतीन? जोर हाये त्याइच्यात."

मलाही तसंच वाटत होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी वाटत होतं, आणि ते बरं वाटत होतं.

मॅडम हसल्या. त्यांनी वजनाचा काटा आणून भिंतीला टेकवून उभा केला आणि मला समोर खुर्चीवर बसवलं. बायकोने मागून खुर्ची धरली.

"याच्याशी कसली भीड नाही, काका. दुखलं तर थांबा, नाहीतर सगळा जोर लावा."

उजव्या पायाने काटा चाळिसाच्या पुढे गेला. मग डावा लावला. दात आवळले, खुर्चीचे हात घट्ट धरले. दुखत नव्हतं. काटा अकरावर जाऊन थांबला.

"लावा ना जोर," बायको मागून हळूच म्हणाली. "आता काऊन लाजता?"

"लावूनच राह्यलो," मी म्हणालो.