ओघळीत सोडलेलं पाणी

आमच्याकडे माणूस गेलं की घरच्या बाईनं त्याच्या नावानं शेजारीपाजारी पाणी भरायचं. शेवटच्या दिवशी दुधीच्या कवटीत मेणबत्ती लावून ती वाहत्या पाण्यावर सोडायची. याला पाणी सोडणं म्हणतात. मग भरलेलं सगळं पाणी त्याला तिकडं मिळतं.

माझ्या शेजारणीचा, सावेताचा नवरा ग्लिगोर पाणी पाणी करतच गेला. ऑपरेशन झालेलं, घोटभरही द्यायचं नव्हतं. तो पत्र्याचा पेला खाटेवर वाजवत राहिला आणि ही उशाशी रडत बसली.

पाणी सोडायचं ते ओढ्यात. ओढा झऱ्यातून निघतो, उन्हाळ्यात बारीक होतो, पण नदीला मिळतो. सावेतानं सोडलं चर्चमागच्या ओघळीत. मैदानी मुलखातून आलेली बाई, तिला काय कळणार? बर्फ वितळत होतं, ओघळ ओढ्याच्या वरताण खळखळत होती. पण तिला ना झरा ना नदी. माझ्या बागेखालच्या खडकात एक भोक आहे, त्यात शिरते आणि संपते.

मे महिन्यात ओघळ आटली, तशी सावेता माझ्या दारात आली.

"दोम्निका, माझं पाणी कुठं गेलं गं?"

"भोकात," मी म्हटलं. माझी जीभ ही अशी.

पाद्री म्हणाले, पाणी एकदाच सोडता येतं. मग ती रोज भोकाशी जाऊन बसायला लागली.

"तो पेला वाजवतोय."

"उंदीर असतील."

"उंदीर माझं नाव घेतात होय गं?"

मी हसले खरी. पण त्याच संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना मलाही पेला ऐकू आला. कपडे तिथंच टाकून मी घरात पळाले.

पुढच्या उन्हाळ्यात सावेतानं अंथरूण धरलं. म्हणाली, "माझं पाणी ओघळीतच सोड."

"वेड लागलंय का? दोघंही तहानलेले बसाल."

"बसू. त्याला एकट्याला किती दिवस बसवायचं?"

ती गेली तेव्हा तिच्या मागं कुणी नव्हतं, पाणी मीच भरलं. शेवटच्या दिवशी सगळे ओढ्यावर जमले. मी ओढ्यातूनच दोन बादल्या भरल्या आणि ओघळीकडं चालायला लागले. ओघळ ठणठणीत कोरडी होती. भोकाच्या तोंडाशी मेणबत्ती लावून कवटी ठेवली, ओघळीत जरा वरच्या अंगाला बादल्या ओतल्या. मेणबत्ती पाण्याबरोबर आत गेली, जरा वेळ उजेड दिसला, मग तोही गेला. मला रडू आवरेना.

आतून पेला वाजला. थोड्या वेळानं दुसरा.

मी बादल्या उचलल्या आणि आणखी पाणी आणायला ओढ्याकडं वळले.