घडीची रेघ

माझ्या लेकीने, मुक्ताने, भेटकार्डं आणि त्यांची पाकिटं करायला स्कोअरिंग बोर्ड आणलाय. म्हणजे बारीक खाचा असलेला प्लास्टिकचा पाट. त्यावर जाड कागद ठेवून खाचेतून बोथट काडी दाबून ओढली, की वळ उमटतो आणि घडी अगदी सुरेख बसते.

काल पाहिलं, तर बोर्डापुढे माझे बाबा. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, पण हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी पेन्सिलही धरली नव्हती. काडीसुद्धा थरथरत होती. मग ती खाचेत शिरली आणि थेट खालपर्यंत सरळ गेली. बाबांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि गुपचूप दुसरा घेतला.

किती मुलांचे हात धरून त्यांनी रेघा काढून घेतल्या असतील. त्यांचा हात धरायचं मात्र आम्हाला सुचलं नाही, एका पाटाला सुचलं.

संध्याकाळपर्यंत बाबांची चोवीस पाकिटं करून झाली. कार्डांचा सगळा कागद त्यांतच संपला.

"आजोबा, आता आत काय घालायचं?" मुक्ताने विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," बाबा म्हणाले. "मला आणखी कागद आणून द्या."