बाभळीचा काटा

सुमन सिस्टरांचं नाव आधी घेतो, मग बाकीचं. पुण्याच्या दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात त्या नसत्या, तर आज आमच्या घरात दोन फोटोंना हार दिसले असते. एकाला आहे. माझा भाचा गणू, इंदूआक्काचा थोरला, साडेतीन वर्षांचा... जाऊन दीड महिना झाला. मी इटारसीला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये खलाशी, इंजिनं पुसणारा. तार हातात पडली, गाड्या बदलत दौंडला उतरलो, तोवर सगळं उरकलं होतं. सातवीतून शाळा सोडलेला माणूस मी, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. पण राग आलाय, आणि तो गिळायची सवयच आम्हाला नडली.

आक्काला शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावातून दौंडकडच्या राहू गावात दिली. दाजींचा डावा डोळा काचेचा. बघायला आले तेव्हा त्यांच्या आई म्हणाल्या, "लहानपणी बाभळीचा काटा गेला, दुसरं काय न्हाई." हळदीच्या दिवशी त्यांच्याच भावकीतला एक म्हातारा पानाला चुना लावता लावता मला म्हणाला, "काटा कसला रं? ह्याचा थोरला भाऊ डोळ्याच्याच दुखण्यानं गेला. ह्याचा डोळा काढला म्हणून ह्यो वाचला." मी ऐकलं आणि गप्प बसलो. मांडव घातला होता, हळद लागली होती. पुढं दाजींनीच ओळख काढून मला रेल्वेत लावलं. उपकाराच्या माणसाच्या घरातलं कशाला उकरायचं...

गणू वर्षाचा झाला तेव्हा कंदिलाच्या उजेडात त्याचा उजवा डोळा मांजरासारखा चमकायचा. घर खूश. "नशीबवान हाय गं, अंधारात बी दिसंल ह्याला," आक्काच्या सासूबाई म्हणायच्या. मीही हसलो. सुट्टीवर गेलो की त्याचा एक खेळ ठरलेला. डावा डोळा तळहातानं झाकायचा, "मामा हरवला!" हात काढायचा, "मामा गावला!" आणि खिदळायचा. पोरगं सांगत होतं की दुसऱ्या डोळ्यानं मला दिसत नाही, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

डोळा सुजून बाहेर आला, तेव्हा घरानं कारण शोधलं. पोटुशी असताना आक्कानं ग्रहणात भाजी चिरली म्हणे. "तूच चिरलास पोराचा डोळा," सासूबाई म्हणाल्या. "आत्याबाई, त्या दिवशी मी इळीला हात सुदिक लावला न्हाई," आक्का रडून सांगायची. कोण ऐकतंय!

मी रजा काढून आलो, त्याला पुण्याला नेलं. सुमन सिस्टर कागद भरत होत्या. घरात आणखी कुणाला डोळ्याचं दुखणं? "न्हाई," सासूबाई म्हणाल्या. दाजींच्या डोळ्याला काय झालं? "काटा गेला." सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. आक्काच्या मांडीवर तिची धाकटी, पाच महिन्यांची छबी होती, तिच्याकडं बोट केलं. "आजी, ह्या पोरीचे दोन्ही डोळे अजून शाबूत दिसतायत. तिच्याकडं बघून सांगा, काटाच गेला होता?" दाजींची मान खाली. हळदीला म्हाताऱ्यानं सांगितलेलं सगळं मी बोलून टाकलं. "ज्याच्या जिवावर नोकरीला चिकटलास, त्याचीच अब्रू घेतोस व्हय रं?" सासूबाई कडाडल्या. तेव्हा दाजींनी वर बघितलं. "खरं हाय सिस्टर. लिवा."

त्याच दिवशी छबीला तपासलं. एका डोळ्यात बारीक ठिपका निघाला, तो किरणांनी जाळला. गणूचा डोळा काढला, पण रोग मेंदूकडं सरकला होता. डॉक्टर म्हणाले, हा डोळ्यातला कॅन्सर आईबापाच्या बीजातून पोरात उतरतो. प्रत्येकात उतरेलच असं नाही, म्हणून जन्मल्यापासून डोळे तपासत राहायचे. एवढंच! ग्रहण नाही, विळी नाही. आक्का नवऱ्याला म्हणाली, "ज्वारीला काणीचा रोग येऊ न्हाई म्हणून बियाणाला गंधक चोळता. कुठल्या रानातलं बी, त्ये इचारता. माझ्या पोराच्या टायमाला तोंडं का शिवली व्हती?" शिवलेल्या तोंडांत माझंही होतं. हळदीला मी दोन शब्द बोललो असतो, तर गणूची चमक बघून कुणी टाळ्या पिटल्या नसत्या.

सासूबाई भेटायला येणाऱ्यांना अजून ग्रहणच सांगतात. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांसमोर मी उभा राहून खरं काय ते सांगितलं. निम्मे उठून गेले. जाऊ द्या.

निघताना छबीला मांडीवर घेतलं. आता वर्षाची झालीय, अजून बोलत नाही, पण भावाचा खेळ तिनं बघून उचललाय. एक डोळा झाकते, माझ्याकडं बघून हसते. दुसरा झाकते... परत हसते. मी दोन्ही वेळा हरवत नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी तिचे डोळे तपासतात, आणि काय निघालं ते कळेपर्यंत इटारसीत मला घास गोड लागत नाही. पण सुमन सिस्टर, तुमचं देणं माझ्यावर आहे. ही पोर वाचायला लागली की तिला तुमच्यासमोर उभी करीन. एकेक डोळा झाकून, तुम्ही त्या दिवशी भरलेला कागद ती तुम्हाला वाचून दाखवील.