साळुंकीला दिलेली ओ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. गणिताचा मास्तर होतो, उत्तर आल्याशिवाय उदाहरण सोडायची सवय नाही. हे एक मात्र अजून सुटलेलं नाही... तुमच्यापैकी कुणाला सुटलं तर बघा.

निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं तेव्हाची गोष्ट. मी नांदेडला सरकारी शाळेत नोकरीला, एकटाच. आईवडील गेलेले, लग्न व्हायचं होतं. आपलं म्हणावं असं माणूस एकच — उदगीरला दिलेली थोरली बहीण, आक्का. ऐन उमेदीत विधवा झाली आणि सासरी राबत राहिली. मी तिला दोनदा आणायला गेलो. दोन्ही वेळा म्हणाली, लोक म्हणतील भावाच्या उरावर येऊन बसली. परतीच्या गाडीत मला रडू आवरायचं नाही.

शाळा सुटली की मी नदीकडच्या सरकारी बागेत जाऊन बसायचो. उन्हाळ्यात गाव नुसतं भाजून निघायचं. हिरवं म्हणाल तर तेवढंच. गळक्या नळाखाली पाखरं जमायची — बुलबुल, होले, सातभाई, साळुंक्या. पाखरं बघणं हाही छंद असतो हे तेव्हा कुणाला ठाऊक! लोकांना वाटे, मास्तरचं डोकं फिरलं. मला मात्र तेवढीच सोबत होती.

त्यात एक साळुंकी होती, डाव्या पायाचं बोट तुटलेली. एका संध्याकाळी ती माझ्या बाकासमोर आली आणि स्वच्छ म्हणाली — "टिटव्या..."

लहानपणी मी दिवसभर तळ्याकाठी टिटव्यांमागे हिंडायचो, म्हणून आक्कानं ठेवलेलं हे नाव. नांदेडात ते कुणालाच माहीत नव्हतं. आवाजही तिचाच, जरा घोगरा. साळुंकी ऐकलेलं बोलते, मान्य. पण ती आपला टापू सोडून उदगीरहून इतक्या लांब कशाला येईल?

मग हे रोजचंच झालं. एकच हाक, आणि भुर्र. बागेतल्या माळीबुवांना सांगितलं तर ते गंभीर झाले.

"मास्तर, माणूस दिसत न्हाई अशा हाकेला तिसऱ्या खेपेबिगर ओ देऊ नका. एका हाकेचं बोलावणं चांगलं नसतंय."

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे शिकवतात. मी हसलो — पण ओ काही दिली नाही. मनात नको नको ते यायला लागलं. आक्का बरी असेल ना... असेल तरी ना? शेवटी एका संध्याकाळी राहवलं नाही. हाक आली तसा मी मोठ्यानं म्हणालो, "ओ, आक्का!" साळुंकीनं मान वाकडी करून बघितलं आणि उडाली. मी तसाच स्टेशनवर गेलो.

परभणीला, मग परळीला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी उदगीरला पोचलो. आक्का सासरच्या ओसरीवर बसलेली. धडधाकट. शेजारी कपड्यांचं गाठोडं. मी येणार हे तुला कुणी सांगितलं, विचारलं, तर मीच येडा असल्यागत माझ्याकडे बघायला लागली.

"काल दिवेलागणीला तूच की रे ओ दिलीस! सासू आयकंल म्हून रोज परसात तोंडातल्या तोंडात तुला हाक मारीत व्हते. काल ओ आली. मनलं, हाय माझं कुणीतरी. चल आता... लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

परसात साळुंक्या येतात का, हेही मी विचारलं. म्हणाली, येते की एक, लंगडी.

आक्का आली ती शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिली. माझं लग्न तिनंच जमवलं, पोरं तिच्याच मांडीवर वाढली. त्या संध्याकाळचा विषय काढला की म्हणायची, ऐकू आलं म्हणजे आलं, तुझं गणित तुझ्यापाशी ठेव. मला आजवर उलगडा झालेला नाही.

ती जाऊनही आता वर्षं झाली. मी पुन्हा एकटाच बागेत जाऊन बसतो. साळुंक्या जमल्या की आक्काला हाक मारतो, तोंडातल्या तोंडात. अजून ओ आलेली नाही.